बेणे निरोगी, तर ताट निरोगी

एकादशी आली की घराघरांत साबुदाणा भिजतो, रताळी उकडतात. कोकणात महाशिवरात्रीला करांदे आणि कणगर शिजतात. सुरण तर उपवासालाही चालतो आणि एरवीच्या भाजीलाही. हे सगळे पदार्थ जमिनीखाली वाढणाऱ्या उष्ण कटिबंधातील कंदमुळांपासून येतात. आपल्याला ते मुख्यतः उपवासाचे म्हणून माहीत आहेत. आफ्रिका, आशिया आणि दक्षिण अमेरिकेतील कोट्यवधी लोकांचे मात्र ते रोजचे अन्न आहे. आपल्याकडे जे स्थान भाकरी-भाताला, ते तिथे कसाव्याला किंवा यामला.

एका डॉक्टरने शेतीविषयी का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. सरकारी रुग्णालयात काम करताना एक गोष्ट वारंवार दिसते. रुग्णाच्या ताटात काय येते हे त्याच्या ज्ञानापेक्षा त्याच्या शेतावर आणि खिशावर अधिक ठरते. कंदपिकांच्या बाबतीत तर शेतातील एक छोटा निर्णय, म्हणजे बेणे कोणते घ्यायचे आणि ते कसे लावायचे, हा उत्पन्न, नफा आणि आरोग्य या तिन्हींना स्पर्श करतो. तो कसा, ते आज पाहू.

बी नव्हे, शरीराचा तुकडा

ज्वारी, तूर, हरभरा आपण बियांपासून पेरतो. कंदपिके बहुधा बियांपासून लावत नाहीत. कसाव्याच्या खोडाची कांडी लावतात, रताळ्याच्या वेलाचा शेंडा लावतात, सुरणाच्या कंदाची फोड लावतात. म्हणजे नवे झाड हे जुन्या झाडाच्या शरीराचाच एक तुकडा असते. त्यामुळे जुन्या झाडाचे गुण त्यात जसेच्या तसे उतरतात आणि त्याचे आजारही उतरतात. अनेक विषाणू बियांमधून पुढच्या पिढीत जात नाहीत. बी ही एक प्रकारची गाळणी असते. बेण्याला अशी गाळणी नाही. रक्त देताना ते आधी तपासावे लागते, तसेच बेणे लावण्याआधी तपासावे लागते.

साबुदाण्याची कांडी

साबुदाणा मूळचा आग्नेय आशियातील साबुदाणा-ताडाच्या खोडातील पिठापासून बनत असे. आपल्या देशात आज मिळणारा साबुदाणा मात्र कसाव्याच्या मुळांतील पिष्टापासून बनतो आणि त्याचे मोठे केंद्र तमिळनाडूतील सेलम आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरून येणारा साबुदाणा थांबला आणि हा उद्योग तिथे उभा राहिला. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगिजांनी तो आफ्रिकेत आणि भारतात आणला. केरळात त्याला कप्पा म्हणतात. १९४२ मध्ये ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला तेव्हा त्रावणकोरच्या गरिबांना याच कप्प्याने जगवले. या पिकांवर संशोधन करणारी केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था १९६३ मध्ये तिरुवनंतपुरमजवळ स्थापन झाली, त्यामागेही ही पार्श्वभूमी आहे.

कसाव्याची लागवड वरवर पाहता अगदी सोपी. खोडाची १५ ते २० सेंटिमीटरची कांडी करायची आणि जमिनीत खोचायची. परंतु फरक पडतो तो बारकाव्यांत. कांडी आठ-दहा महिन्यांच्या पक्व झाडाची हवी. शेंड्याकडचा कोवळा भाग लवकर सुकतो आणि बुडाचा फार जून भाग नीट फुटत नाही, म्हणून मधला भाग घ्यावा. काप धारदार कोयत्याने सरळ, गोल घ्यावा. तिरका काप घेतला तर मुळे एकाच बाजूला गोळा होतात. गोल काप असेल तर ती चहूबाजूंनी येतात आणि पोसायला सर्वांना सारखी जागा मिळते. डोळे वरच्या दिशेने ठेवून कांडी साधारण पाच सेंटिमीटर खोल लावावी. उलटी लावली तर झाड मरत नाही, पण फुटवा उशिरा येतो.

कांडी उभी लावावी की आडवी, हा जुना वाद आहे. उभ्या कांडीला फुटवा लवकर येतो आणि झाडे एकसारखी उभी राहतात. आडवी कांडी पूर्ण मातीखाली जाते, यंत्राने लावायला सोपी पडते, म्हणून ब्राझीलसारख्या देशांत मोठ्या शेतांवर ती चालते. पण तिची मुळे वरच्या थरात राहतात, झाड वाऱ्याने कलंडण्याची भीती असते आणि खोडांची संख्या वाढते. मजुरी महाग आणि शेत मोठे असेल तर आडवी पद्धत परवडते. आपल्यासारख्या लहान शेतकऱ्याला उभी लागवड फायद्याची ठरते.

आता थोडे गणित. दोन्ही बाजूंनी ९० सेंटिमीटर अंतर ठेवले तर हेक्टरी १२,३४५ झाडे बसतात. समजा, एका झाडाला अडीच किलो मुळे मिळाली, तर सुमारे ३१ टन उत्पन्न येते. आता बेणे खराब निघाले आणि पाचवा हिस्सा कांड्या फुटल्याच नाहीत, तर जवळपास अडीच हजार जागा रिकाम्या राहतात आणि कागदावर सहा टनांचा खड्डा पडतो. शेजारची झाडे थोडी अधिक पोसतात, त्यामुळे खड्डा काहीसा भरतो, पण पूर्ण नाही. किलोला पाच रुपये भाव धरला तर हा खड्डा ३० हजार रुपयांचा. नांगरट, खत, पाणी, मजुरी हा खर्च मात्र रिकाम्या जागांवरही झालेलाच असतो. म्हणून तूट पडते ती थेट नफ्यातून. लागवडीनंतर पंधरा दिवसांच्या आत नांग्या भरल्या तर ही तूट बरीच टळते. त्यासाठी नेहमीपेक्षा लांब, ४० सेंटिमीटरची कांडी वापरण्याची शिफारस आहे, म्हणजे मागून आलेले झाड सावलीत दबत नाही.

दाटी किती, वरंबा किती

झाडे जास्त लावली की उत्पन्न जास्त, असे सरळ गणित नसते. फांद्या फुटणाऱ्या वाणाला ९० सेंटिमीटर आणि सरळ वाढणाऱ्या वाणाला ७५ सेंटिमीटर अंतर सांगितले जाते. दुसऱ्या पद्धतीत हेक्टरी १७,७०० हून अधिक झाडे बसतात. दाटी वाढली की एकूण वजन एका मर्यादेपर्यंत वाढते, पण एकेक मूळ बारीक राहते. साबुदाणा कारखान्याला आकाराशी देणेघेणे नसते, त्याला पिष्ट हवे असते. भाजीबाजारात मात्र जाड, सरळ कंदालाच भाव मिळतो. म्हणजे माल कुठे जाणार, हे ठरवल्याशिवाय अंतर ठरवता येत नाही. याशिवाय प्रत्येक कांडीवर दोन समोरासमोरचे फुटवे ठेवून बाकीचे काढून टाकले, तर अन्न पाल्यात खर्च न होता मुळांकडे जाते.

जमिनीचा घाटही महत्त्वाचा. पाणी साचणाऱ्या जमिनीत २५ ते ३० सेंटिमीटर उंचीचे उंचवटे करून लावावे, कारण कंदाला ओली पण हवेशीर माती लागते. पाणी तुंबले की मुळे कुजतात. उतारावर उताराला आडवे वरंबे घालावेत, म्हणजे माती वाहून जात नाही. ओळीत लागवड केली की खुरपणी सोपी होते. आफ्रिकेत ही खुरपणी बहुतेक ठिकाणी बायका आणि मुले करतात. मुलांच्या शाळेचे दिवस आणि बायकांच्या पाठीचे दुखणे यांचा संबंध ओळी सरळ आहेत की नाहीत याच्याशीही असतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

या सगळ्याचा एकत्रित परिणाम आकड्यांत दिसतो. जगात सर्वाधिक कसावा नायजेरियात पिकतो, पण तिथला हेक्टरी उतारा १० टनांच्या खाली आहे. भारतात क्षेत्र लहान असूनही उतारा ३० टनांच्या आसपास आहे. वाण, खत आणि तमिळनाडूतील ठिबक सिंचन यांचा त्यात मोठा वाटा आहेच. पण निवडलेले बेणे आणि मोजून ठेवलेले अंतर नसेल तर खत आणि पाण्याचाही पुरता उपयोग होत नाही.

बेण्यातून पसरणारी साथ

कसाव्याच्या पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पडून ती वाकडीतिकडी होतात, त्याला मोझॅक रोग म्हणतात. हा विषाणू दोन मार्गांनी पसरतो. एक पांढरी माशी आणि दुसरा माणूस. रोगट झाडाच्या कांड्या पोत्यात बांधून दुसऱ्या गावी नेल्या की रोगही तिकडे जातो. १९९० च्या दशकात युगांडात या रोगाची उग्र साथ आली आणि मोठ्या भागात शेतकऱ्यांना कसावा सोडून द्यावा लागला. आग्नेय आशिया या रोगापासून बराच काळ मुक्त होता. २०१५ मध्ये तो कंबोडियात आढळला, २०१७ मध्ये व्हिएतनाममध्ये आणि २०१८ मध्ये थायलंडमध्ये. सीमेपलीकडे होणाऱ्या बेण्याच्या व्यापाराचा यात मोठा हात आहे.

साथरोगाचे हे वर्णन कोणत्याही डॉक्टरला ओळखीचे वाटेल. उपायही ओळखीचाच आहे, तो म्हणजे विलगीकरण. कांड्या थेट शेतात न लावता आधी छोट्या वाफ्यात अगदी जवळजवळ लावायच्या. तीन आठवड्यांत रोगट कांड्यांची पाने चट्टे दाखवू लागतात. त्या उपटून नष्ट करायच्या आणि निरोगी रोपेच शेतात न्यायची. वाफ्याला जागा थोडी लागते, पाणी थोडे लागते आणि शेतात नांग्याही कमी पडतात. कष्ट थोडे वाढतात, पण पुढचे दहा महिने रोगट झाडाला खतपाणी घालण्याचा खर्च वाचतो.

रताळ्याचा वेल आणि कडू रताळे

बेळगावकडची रताळी आपल्या बाजारात नेहमी येतात. कोकण कृषी विद्यापीठाचे ‘कोकण अश्विनी’ हे वाणही शेतकऱ्यांना माहीत आहे. रताळ्यासाठी २० ते ३० सेंटिमीटरचे वेलाचे तुकडे लागतात आणि त्यांचे दोन-तीन डोळे मातीत जावे लागतात, कारण मुळे तिथूनच येतात. ६० सेंटिमीटरच्या वरंब्यावर २० सेंटिमीटर अंतराने लावले तर हेक्टरी सुमारे ८३ हजार तुकडे लागतात. एवढे वेल आणायचे कुठून, हीच खरी अडचण. मग शेतकरी जुन्या पिकाचे मिळतील ते वेल कापून लावतो आणि इथेच घोटाळा होतो.

रताळ्याचा मुख्य शत्रू म्हणजे सोंड्या भुंगा. तो वेलाच्या बुडाशी अंडी घालतो. त्यामुळे बुडाकडचा तुकडा लावला तर कीडही सोबत लावली जाते. शेंड्याच्या तुकड्यात हा धोका बराच कमी असतो आणि तो वाढतोही जोमाने. पुढे मातीला भेगा पडल्या की भुंगा त्यांतून कंदापर्यंत पोचतो, म्हणून वेळेवर भर देणे गरजेचे.

आता आरोग्याचा मुद्दा. भुंग्याने पोखरलेले रताळे स्वतःच्या बचावासाठी काही कडू द्रव्ये तयार करते. शिजवूनही हा कडूपणा जात नाही. बुरशी लागलेल्या रताळ्यातील अशाच द्रव्यांमुळे गुरांच्या फुप्फुसांत पाणी होऊन ती दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणून कडू किंवा काळपट रताळे कापून उरलेले खाण्याचा मोह टाळावा आणि ते गुरांनाही घालू नये.

आफ्रिकेच्या कोरड्या भागात वेल टिकवणे हा आणखी मोठा प्रश्न होता. सहा-सात महिने पाऊस नाही, वेल वाळून जातात आणि पहिला पाऊस आला तेव्हा लावायला काही नसते. त्यावर तिथे एक साधी पद्धत रुजली. काढणीच्या वेळी काही निरोगी लहान रताळी कोरड्या वाळूत थर देऊन ठेवायची आणि पावसाच्या दीड-दोन महिने आधी ती वाफ्यात लावून पाणी द्यायचे. पाऊस पडेपर्यंत वेल तयार असतात. लागवड वेळेवर होते आणि पीकही अन्नटंचाईच्या दिवसांत हाती येते.

सुरणाचे महाग बेणे

सुरणाच्या बाबतीत बेण्याचा खर्च हाच सर्वांत मोठा. ९० सेंटिमीटर अंतरावर प्रत्येक खड्ड्यात पाऊण किलोची फोड लावली, तर हेक्टरी नऊ टनांहून अधिक बेणे लागते. ४० टन उतारा धरला तरी त्यातील जवळपास पाव भाग पुन्हा जमिनीत घालण्यासाठी ठेवावा लागतो. पश्चिम आफ्रिकेत यामची हीच कथा आहे. तिथेही पिकाचा मोठा हिस्सा, काही ठिकाणी तिसरा भाग, बेण्यासाठी बाजूला काढतात. घरात पोरे अर्धपोटी असताना चांगले कंद मातीत पुरून ठेवावे लागतात.

यावर नायजेरियात १९७० च्या दशकापासून लहान फोडींचे तंत्र विकसित झाले. सुमारे २५ ग्रॅमच्या फोडी करून, त्यांना राख किंवा बुरशीनाशक लावून वाफ्यात रुजवायच्या आणि त्यांपासून बेण्यापुरते लहान कंद घ्यायचे. आपल्याकडे सुरणासाठी १०० ग्रॅमच्या फोडी वापरून असेच बेणे करतात. मुख्य अट एकच. प्रत्येक फोडीला मधल्या डोळ्याचा थोडा भाग आला पाहिजे. फोडी शेणकाल्यात बुडवून सावलीत वाळवण्याची आपली जुनी रीतही उपयोगी आहे. बेण्याचे मळे वेगळे आणि विक्रीच्या मालाचे वेगळे ठेवले की मोठे कंद बाजारात जातात आणि निव्वळ नफा वाढतो.

नुसते पिष्ट पुरेसे नाही

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, उतारा वाढला म्हणजे झाले. डॉक्टर म्हणून मला इथे थांबावेसे वाटते. १९३८ मध्ये जोव्हानी ट्रोली या इटालियन डॉक्टरने तेव्हाच्या बेल्जियन काँगोमधील एका आजाराचे वर्णन केले. स्थानिक भाषेत त्याचे नाव कोन्झो, म्हणजे बांधलेले पाय. धडधाकट मूल किंवा बाई एका दिवसात दोन्ही पायांतील ताकद गमावते. पाय ताठ होतात आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाहीत. १९८१ मध्ये मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात दुष्काळात असे हजाराहून अधिक रुग्ण आढळले. पुढे जगप्रसिद्ध झालेले हान्स रोसलिंग तेव्हा तिथे तरुण डॉक्टर होते आणि या आजाराचा शोध घेणाऱ्यांमध्ये ते होते.

कारण असे. कसाव्यात सायनाइड सोडणारे द्रव्य असते आणि कडू वाणांत ते जास्त असते. पाण्याचा ताण पडला की ते आणखी वाढते. भिजवणे, आंबवणे, वाळवणे या पारंपरिक क्रियांनी ते निघून जाते. पण दुष्काळात भूक थांबत नाही, तीन-चार दिवसांचे भिजवणे एका दिवसावर येते. उरलेले सायनाइड निरुपद्रवी करण्यासाठी शरीराला गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात. ती प्रथिनांतून मिळतात आणि नेमकी प्रथिनेच ताटात नसतात. केरळात कप्पा उकळून पाणी फेकतात आणि माशाच्या कालवणाबरोबर खातात. या रीतीत मोठे शहाणपण आहे. आपल्या साबुदाण्याबद्दल ही भीती बाळगू नये. पिष्ट काढताना ते भरपूर पाण्यात धुतले जाते आणि नंतर भाजले, वाळवले जाते.

याचे उत्तरही पुन्हा लागवडीतच सापडते. कसाव्याची पाने जमीन झाकायला सुमारे तीन महिने घेतात. तोवर दोन ओळींमधली जागा मोकळी असते. तिथे चवळी किंवा भुईमुगासारखे कमी दिवसांचे आंतरपीक घेतले की तण दबते, जमिनीला नत्र मिळते, कंद निघायच्या कितीतरी आधी हातात पैसा येतो आणि घरात प्रथिने येतात. ९० सेंटिमीटरच्या त्या अंतरात मुलांची डाळ पिकू शकते.

रताळ्यात दुसरी संधी आहे. नारिंगी गराच्या रताळ्यात बीटा-कॅरोटिन असते, त्यापासून शरीर जीवनसत्त्व अ बनवते. असे सुमारे १२५ ग्रॅमचे एक रताळे लहान मुलाची दिवसाची गरज भागवू शकते. मोझांबिक आणि युगांडात कुटुंबांना या वाणाचे निरोगी वेल आणि आहाराची माहिती दोन्ही एकत्र दिली, तेव्हा मुलांच्या आहारातील जीवनसत्त्व अ वाढले. या कार्यासाठी मारिया अँड्रेड, रॉबर्ट म्वांगा, जॅन लो आणि हॉवर्थ बुईस यांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडेही ‘भू सोना’ हे वाण उपलब्ध आहे. त्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन असते. थोड्या तुपातेलाबरोबर खाल्ले तर ते चांगले शोषले जाते.

ताटाकडे पाहताना

साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे, प्रथिने नावापुरती. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात साखर वाढलेले मधुमेही हमखास येतात आणि ‘काल तर उपवास होता’ असे सांगतात. त्यांनी खिचडीची वाटी लहान ठेवावी, शेंगदाणे आणि दही वाढवावे. रताळे भाजण्यापेक्षा उकडून खावे, त्याने साखर तुलनेने हळू चढते. सुरणात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे घसा खाजतो. चिंच किंवा आमसूल घालून तो पूर्ण शिजवावा. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी तो बेतानेच खावा.

आणि ज्यांच्या घरी थोडी जमीन आहे, त्यांनी यंदा सुरण किंवा रताळी लावताना तीन प्रश्न जरूर विचारावेत. हे बेणे कोणत्या झाडाचे, ते झाड निरोगी होते का आणि दोन ओळींमध्ये आपण काय लावणार आहोत? कृषी विद्यापीठाकडून किंवा ओळखीच्या मळ्यातून समक्ष पाहून घेतलेल्या बेण्याला दोन पैसे जास्त पडतील. काढणीच्या दिवशी ते वसूल होतात.